चौथ्या नळीतला तुकडा

सहापैकी पाच नळ्यांतून फेस बाहेर आला. चौथीतून आला नाही.

मिस्त्रीनं गाडीखाली चाकांच्या फळीवर पडल्या पडल्याच पुन्हा एकदा फवारा मारला. वरच्या भोकात औषध सोडलं की थोड्या वेळानं खालच्या तोंडातून काळा फेस गळायला हवा. पाच ठिकाणी तो गळला होता, मनगटावरून ओघळत पार कोपरापर्यंत आला होता. चौथं तोंड मात्र ठणठणीत कोरडं.

"काय म्हणतोय आमचा पेशंट?" बाहेरून डॉक्टरबाईंनी विचारलं. बाई भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि दोन दारांची ही जुनी स्पोर्ट्स कार त्यांच्या जिवापलीकडची. गॅरेजातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसून त्या दर दहा मिनिटांनी तब्येतीची चौकशी करत होत्या.

"पाच मोकळ्या झाल्या. एक हट्टाला पेटलीय."

"मग समजूत काढा तिची. घाई नको. घाईत मी कधी कुणाला झोपवलं नाही."

गाडीचं दुखणं तसं साधं होतं. गार इंजिन सुरू केलं की पहिलं मिनिटभर पेट्रोल नीट जळत नाही. ते अर्धकच्चं धुरातून बाहेर पडू नये म्हणून एक छोटा पंप बाहेरची ताजी हवा ओढतो आणि इंजिनाच्या हेडमधल्या सहा बारीक नळ्यांतून धुराच्या वाटेवर सोडतो. नळी जेमतेम पेन्सिलीएवढी, त्यात मध्येच एक वळण. वर्षानुवर्षं काजळी साचून ती बुजते, मग हवा पोचत नाही आणि समोर पिवळा दिवा लागतो. पूर्वी त्या दिव्याला कुणी विचारत नसे. यंदापासून तपासणी केंद्रात थेट गाडीच्या कॉम्प्युटरलाच वायर जोडायला लागले होते. बाईंची गाडी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर ती रस्त्यावर आणायलाच बंदी आली असती.

अशा नळ्या साफ करायचा शहाणपणाचा मार्ग एकच. रात्रभर औषध मुरू द्यायचं, मग सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची, टोकाला तिचे पदर उसवायचे आणि हळूहळू फिरवत आत सारायची. तार वळणावर वाकते, काजळी खरवडते, भिंतीला धक्का लावत नाही. दोन दिवस जातात. ड्रिल लावलं तर तासाभराचं काम, पण ड्रिल वळत नाही. ते सरळ जातं आणि अडकलं की मोडतं.

मिस्त्रीनं तार बाजूला ठेवली आणि दाभणासारखा हूक घेतला. खरवडल्यावर हातावर जे पडलं ते काळं नव्हतं. राखाडी होतं. नखाखाली दाबून पाहिलं, चुरा झाला नाही.

लांबी. भोकं बुजवायची धातूची पुट्टी.

तो तसाच पडून राहिला, छातीवर हूक धरून.

"बाई," तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परक्यासारखा वाटला, "तुम्ही आता घरी जा. उद्या फोन करतो."

खरं म्हणजे गाडी दारात आली तेव्हाच त्यानं ती ओळखली होती. आता ती निळी होती, अठरा वर्षांपूर्वी लाल होती. पण या बनावटीच्या गाड्या अख्ख्या शहरात कधी चारच्या वर गेल्या नाहीत. मुद्दामच तो दाराच्या कडेला खरवडून जुना रंग बघायला गेला नाही. दुसरीच असेल, त्यानं स्वतःला बजावलं होतं. लांबी मात्र दुसरीची असू शकत नव्हती. तिच्यावर त्याच्याच अंगठ्याचा दाब होता.

तेव्हा तो एका मोठ्या गॅरेजात मुख्य मिस्त्री होता. त्याच्या हाताखाली बायकोचा धाकटा भाऊ लागला होता, सव्वीस वर्षांचा. मेव्हण्याला सगळे 'सोनार' म्हणायचे, कारण त्याचा हात तसा होता. कार्ब्युरेटरची सुई हातात धरून तो नुसत्या स्पर्शानं सांगायचा, झिजलीय की नाही. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम त्याच्या टेबलाशी आणून उभं करायचा. मिस्त्रीला त्याचा अभिमान वाटायचा. आणि अभिमानाच्या खाली आणखीही काहीतरी वाटायचं, त्याला त्यानं कधी नाव दिलं नव्हतं.

लाल गाडीच्या नळ्या तुंबल्या होत्या आणि गाडीवाला चारला यायचा होता. "या नळ्यांना ड्रिल लावायचं नाही," हा नियम मिस्त्रीनंच घातलेला. दुपारी सगळे डबे खायला गेल्यावर त्यानंच तो मोडला. तीन नळ्या सुटल्या. चौथीत टक् असा आवाज झाला, फार मोठा नाही, आणि हातातलं ड्रिल एकदम हलकं झालं.

तुकडा निघेना. साडेतीन वाजले. त्यानं त्यावर लांबी भरली, अंगठ्यानं दाबली आणि जेवून आलेल्या सोनाराला सांगितलं, "उरलेल्या दोन तारेनं बघ, मग सगळं बांधून टाक आणि कागदावर सही कर."

गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. गाडीवाला तणतणत आला. मालकानं पाइप काढून बघितलं तर आत लांबी. त्यानं दोघांना समोर उभं केलं. सोनार म्हणाला, "मी ड्रिल हातातही धरलं नव्हतं." मालकानं मिस्त्रीकडे बघितलं. "तू सांग. तू म्हणशील ते खरं."

"मी त्या बाजूला नव्हतो," मिस्त्री म्हणाला. "ती बाजू त्यानं बांधली."

एवढंच. दोन वाक्यं. सोनार त्याच संध्याकाळी घरी बसला. गाडीवाल्यानं पुन्हा कुणाला गाडीला हात लावू दिला नाही, तशीच विकून टाकली.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मिस्त्रीनं कदाचित ते कुठेतरी पुरून टाकलं असतं. पण महिन्याभरानं मेव्हणा घरी आला, नुसता बसून राहिला. बायको रडायला लागली. तेव्हा त्यानं मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, "अरे, होतं माणसाच्या हातून. मनाला लावून घेऊ नको. माझ्या मनात काही नाही." बायकोनं डोळे पुसत नवऱ्याकडे असं बघितलं होतं, की त्या नजरेवर पुढची अठरा वर्षं त्यानं घरात मान मिळवली.

तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. लांबी खरवडून झाल्यावर त्यानं औषध सोडलं, खालून बारीक सळईनं टिचक्या मारल्या, वरून चुंबक लावलं. अठरा वर्षं अडकून बसलेली वस्तू अर्ध्या तासात सुटून आली. नखाएवढी लांब, काळी पडलेली. फवारा मारला तसा चौथ्या तोंडातून फेस धो धो गळायला लागला.

त्यानं तुकडा भंगाराच्या पिंपात टाकला आणि बाईंना फोन लावला.

"सुटली नळी."

"वा! काय होतं हो आत?"

"काजळी," तो म्हणाला. "फार जुनी."

"तुमच्या हाताला यश आहे, मिस्त्री."

फोन ठेवल्यावर त्यानं दोनदा साबण लावून हात धुतले.

मेव्हण्याची त्या दिवशी सुट्टी होती. मिस्त्री घरी पोचला तेव्हा तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ताईशी गप्पा मारत होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी कानांवरचे केस पांढरे झाले होते. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत तो लिफ्टमन होता. एकटाच एका खोलीत राहायचा, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचा. त्यावरून घरात सगळे त्याची थट्टा करायचे. मिस्त्रीही करायचा.

"ए, तेवढी या झाकणाची मूठ पिळ रे," बहीण म्हणाली. "सारखी गरगर फिरते. स्क्रू ढिला झालाय."

"नको ताई." त्यानं दोन्ही हात मागे घेतले, हसत हसत, जशी ही नेहमीचीच गंमत. "दाजी आलेत, त्यांच्याकडे दे. माझ्या हातून काहीतरी मोडायचं."

"साधा स्क्रू तर आहे."

"तेव्हाही साधंच काम होतं की," तो म्हणाला, आणि दोघं बहीणभाऊ हसले.

हे वाक्य मिस्त्रीनं याआधी पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यानं झाकण घेतलं, सुरीच्या टोकानं स्क्रू पिळला, परत दिलं. "हे बघ, झालं," बायको कौतुकानं म्हणाली. मिस्त्रीला तिथं उभं राहवेना. डोकं दुखतंय असं सांगून तो आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मेव्हणा जाताना दारातून हळूच म्हणाला, "काळजी घ्या दाजी." मिस्त्रीनं झोपल्याचं सोंग घेतलं.

सकाळी त्यानं भंगाराचं पिंप जमिनीवर उपडं केलं. नट, वायसर, फाटके पट्टे, स्प्रिंगा. गुडघ्यांवर बसून तासभर चाळल्यावर तुकडा सापडला. खिशात टाकून तो सरळ मेव्हण्याच्या इमारतीवर गेला.

लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीचं दार हातानं ओढायचं. खाकी गणवेशातला मेव्हणा त्याला बघून दचकला.

"दाजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्याशी बोलायचं होतं."

"मग या आत. जेवणाची सुट्टी एकला. तोवर खाली-वर चालूच."

फायली घेतलेले दोघं आत शिरले. तिसऱ्यावर उतरले. दार लागलं तसा मिस्त्रीनं खिशातून तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

मेव्हण्यानं तो दिव्याकडे धरला, बोटांत फिरवला. "पाच नंबरचं ड्रिल," तो लगेच म्हणाला. "एका बाजूनं घासलंय. तिरकं गेलं असणार. कुठलं हे?"

"लाल गाडीतलं. चौथ्या नळीतलं."

मेव्हण्याचा चेहरा एकदम लहान झाला. लिफ्ट पाचव्यावर थांबली, एक म्हातारे गृहस्थ आत आले, "खाली," म्हणाले. लिफ्ट तळमजल्यावर आली. ते उतरले.

"म्हणजे ती गाडी तुमच्याकडेच आली परत," मेव्हणा खाली बघत म्हणाला. "माफ करा दाजी. माझी घाण तुम्हाला काढावी लागली."

मिस्त्रीनं हातानं जाळी धरली.

"तुझी नाही रे," तो म्हणाला. "माझी. ड्रिल मी लावलं होतं. तू डबा खायला गेला होतास. मोडलं ते मी लांबीनं बुजवलं, तुला सही करायला लावली आणि मालकापुढे खोटं बोललो."

मेव्हण्यानं बटण दाबलं. कुणी बोलावलं नव्हतं तरी लिफ्ट वर निघाली.

"नाही," तो म्हणाला. "मला आठवतंय ना. सुरुवातीला नव्हतं आठवत. नंतर आठवायला लागलं. तो टक् आवाज मी ऐकलाय, दाजी. अजून झोपेत ऐकतो."

"तू ऐकूच शकत नाहीस. तू नव्हतास तिथं."

"मग मला कसा आठवतो?"

मिस्त्रीकडे याला उत्तर होतं. सगळ्यांनी मिळून तो आवाज तुझ्या कानात घातला, आणि सगळ्यात जास्त मी घातला, पाठीवर हात ठेवून. पण हे म्हणायला जीभ उचलेना.

"मी स्वयंपाकघरातला नळसुद्धा दुरुस्त केला नाही कधी," मेव्हणा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "माणूस बोलावतो मी. नळाला."

सहाव्यावर दार उघडलं. चार-पाच जण एकदम आत घुसले. मेव्हण्यानं तुकडा मिस्त्रीच्या हातात परत दिला, जाळी उघडीच धरली.

"उतरा, दाजी," तो शांतपणे म्हणाला. "लोकांना उभं राहायला जागा नाही."

मिस्त्री सहा मजले जिना उतरून खाली आला.

बायकोला त्यानं त्याच दुपारी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले नाहीत. शेवटी एक शर्ट तिनं तीनदा घडी घालून तीनदा मोडला.

"म्हणजे अठरा वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही त्याला माझ्यादेखत माफ करत आलात."

तिनं तो शर्ट बाजूला सारला.

"आणि मी तुमचे उपकार मानत आले. त्याला म्हणाले, बघ, दुसरा कुणी असता तर दारात उभं केलं नसतं. असं म्हणाले मी त्याला. एकदा नाही, कितीदा तरी." तिनं फोन उचलला, भावाला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. "जेवलास का?" तिनं विचारलं, आणि मग नुसताच फोन कानाला धरून उभी राहिली.

संध्याकाळी पिशवीत दोन साड्या टाकून ती भावाकडे राहायला गेली. भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या, तेव्हा धुराचे पाइप अजून खाली काढलेलेच होते. मिस्त्रीनं त्यांनाही सांगितलं. तुकडा पुढं केला. आत काजळी नव्हती, तुमच्या गाडीत हे अठरा वर्षं माझ्यामुळं होतं, तपासणीत नापास झालात ते माझ्यामुळं. आपण सांगत सुटलोय आणि सांगून काही हलकं होत नाहीये, हे त्याच्या लक्षात येत होतं.

बाईंनी तुकडा घेतला नाही.

"परवा मी तुमच्या हाताला यश आहे म्हणाले," त्या म्हणाल्या. "तेव्हा गप्प बसलात."

"हो."

"गाडी पूर्ण करा. काम अर्धवट सोडू नका." स्टूल समोर असूनही त्या बसल्या नाहीत. "त्या माणसाला एकदा बघू द्या मात्र. बांधायच्या आधी. त्याला बघायचं असेल तर."

मिस्त्रीनं बायकोच्या फोनवर निरोप ठेवला. दोन दिवस तो पाइप न चढवता थांबला. गॅरेजात दुसरं काम होतं, ते केलं. कुणी 'मिस्त्री' म्हणून हाक मारली की त्याला मागे वळायला वेळ लागायचा.

तिसऱ्या दिवशी एक वाजून गेल्यावर मेव्हणा आला. गणवेशातच होता. दारात क्षणभर थबकला. अठरा वर्षांत तो या गॅरेजात पाऊल टाकायला कधी तयार झाला नव्हता, आणि त्याला कुणी आग्रहही केला नव्हता.

"कुठाय?" त्यानं विचारलं.

मिस्त्रीनं फळी पुढं सरकवली. मेव्हण्यानं टोपी काढून बॉनेटवर ठेवली, विचार बदलून उचलली, खिळ्याला अडकवली. मग फळीवर पाठ टेकून सरावल्यासारखा आत सरकला. "उजेड," आतून आवाज आला. मिस्त्री गुडघ्यांवर बसला आणि बॅटरी धरली. "जरा डावीकडे. हां. हलवू नका."

बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते. मग हात बाहेर आला, तळवा वर करून. मिस्त्रीनं न विचारता तार दिली. तार आत गेल्याचा, वळणावर किंचित घासल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, फार हळू. कुणी इतकं हलकं काम करताना मिस्त्रीनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यानं बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

"वळणाच्या अलीकडे भिंतीवर चरा आहे," मेव्हणा आतून म्हणाला. "ड्रिल तिरकं शिरलंय. धरणाऱ्यानं कोपर टेकवलं नव्हतं."

"नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"मी धरलं असतं तर सरळ धरलं असतं."

"हो."

"मोडलं असतं तरी सरळ मोडलं असतं. आणि मी ते लावलंच नसतं."

"नसतंच लावलंस."

मेव्हणा बाहेर आला. कपाळावर काळा फेस लागला होता. कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन त्यानं साबण लावला, एकेक बोट वेगळं धुतलं, नखं धुतली, हात उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितले. मिस्त्री कपाटातून धुतलेला टॉवेल काढून त्याच्यामागे येऊन उभा राहिला होता.

मेव्हण्यानं ओले हात गणवेशाच्या पँटला पुसले, खिळ्यावरची टोपी घेतली आणि डोक्यावर नीट बसवली.

"चौथी व्यवस्थित आहे आता," तो म्हणाला. "बांधून टाका, मिस्त्री."

जेवणाची सुट्टी संपायच्या आत लिफ्टवर पोचायचं होतं, म्हणून तो भराभर चालत निघाला. मिस्त्री दारापर्यंत गेला. रस्त्याच्या वळणावर खाकी शर्ट दिसेनासा झाला तरी तो तिथंच उभा होता, दोन्ही हातांवर तो घडी न मोडलेला टॉवेल धरून.